चूल कुणाच्या मापाची?

जून महिना लागला, सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठायला लागलं, की ग्लेन वेव्हर्लीतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. शाळेच्या हद्दीत जागा हवी म्हणून कुणीतरी साठच्या दशकातलं विटांचं घर घेतलेलं असतं. दिवाणखान्यात जुनी फायरप्लेस असते. दुकानात काचेच्या दाराचा, लाकडावर चालणारा इन्सर्ट बघून सगळं घर हरखतं. मग घरी येऊन टेप लावली की लक्षात येतं, पेटी मोठी आणि खोबण लहान. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: "चार विटा फोडल्या तर बसेल की नाही?"

आजचा भाग त्या चार विटांचा आहे. त्या तिथे का आहेत, कुणी आणि कशासाठी लावल्या, आणि त्यांना हात लावण्याआधी काय माहीत असावं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या घरातही हेच झालं. खोबणीचं तोंड ६०० मिलिमीटर रुंद, ६०० उंच, आणि खोली जेमतेम ३५०. आम्ही निवडलेल्या इन्सर्टला ७०० रुंदी आणि ४५० खोली हवी होती. त्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आलेली होती. तिने आयुष्याची पहिली चाळीस वर्षं चुलीपुढे काढली, आणि त्याची किंमत आता तिची फुप्फुसं मोजतात. दोन जिने चढले की ती थांबते. टेप घेऊन मी गुडघ्यांवर बसलो होतो, तेव्हा ती मागून म्हणाली, "अरे, चूल भांड्याच्या मापानं घालतात. ही कुठल्या भांड्याची आहे ते आधी बघ."

मी ते हसण्यावारी नेलं. नंतर शोधायला लागलो, तेव्हा कळलं की तिचा प्रश्नच बरोबर होता. आमच्या फायरप्लेसचं "भांडं" म्हणजे तिचं इंधन. आणि ते इंधन मेलबर्नमधून कधीच गेलं होतं.

गोष्ट थोडी मागून सुरू करू. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या फायरप्लेस प्रचंड असायच्या. माणूस आत उभा राहील एवढं तोंड, त्यात ओंडके, आणि वर भलं रुंद धुराडं. दिसायला राजेशाही, पण ऊब बेताची. कारण पेटलेली आग खोलीतलीच गरम हवा ओढून धुराड्यातून बाहेर फेकते, आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. समोर चेहरा भाजतो आणि पाठ गारठते. गावाकडे शेकोटीशी बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

यावर अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी एक उपाय काढला. विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवायची लोखंडी पेटी त्यांनी तयार केली आणि १७४४ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेटीत हवेला फिरायला वेगळी वाट होती, म्हणजे धूर वर जाईल पण ऊब घरात राहील. त्यांनी तिचं पेटंट घ्यायला नकार दिला. मूळ पेटीत धूर नीट ओढला जात नसे, त्यामुळे इतरांना तिच्यात बरेच बदल करावे लागले. पण कल्पना पक्की राहिली: मोठ्या खोबणीत छोटी लोखंडी पेटी. आजच्या इन्सर्टची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

दुसरा उपाय बेंजामिन याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा. बेंजामिन थॉम्प्सन यांचा जन्म १७५३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला. पुढे बव्हेरियाच्या राजदरबारात काम करून ते काउंट रम्फर्ड झाले. १७९६ मध्ये त्यांनी फायरप्लेसवर निबंध लिहिला. त्यांचा उपाय लोखंडाचा नव्हता, गवंड्याचा होता. आहे त्याच फायरप्लेसमध्ये विटा लावून ती लहान करा, असं त्यांनी सांगितलं. मागची भिंत पुढे आणा, तिची रुंदी तोंडाच्या एक तृतीयांश ठेवा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा चार इंचांवर आणा. चार इंच म्हणजे आपला हाताचा पंजा. खर्च थोड्या विटांचा आणि एका गवंड्याच्या मजुरीचा. लोकांनी हे इतकं उचललं की जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' या १८१७ मध्ये छापलेल्या कादंबरीत जुन्या मठातल्या भव्य फायरप्लेसची आशा धरून गेलेल्या नायिकेला रम्फर्ड पद्धतीने आवळलेली फायरप्लेस दिसते आणि तिचा हिरमोड होतो.

इथे एक गोष्ट मनात ठेवा. फायरप्लेस लहान होणं ही त्या काळातली सुधारणा होती. आपण ज्याला आज अडचण म्हणतो, ते कुणीतरी विचारपूर्वक केलेलं काम आहे. त्यात इंग्लंडात लाकूड मागे पडून दगडी कोळसा आला. कोळसा लाकडापेक्षा कमी जागेत जास्त उष्णता देतो, म्हणून त्याला लहान जाळी पुरते. हीच लहान फायरप्लेस जहाजांतून आलेल्या वसाहतकारांच्या डोक्यात बसून ऑस्ट्रेलियात उतरली.

आता आपल्या उपनगराकडे या. ग्लेन वेव्हर्लीला पूर्वी ब्लॅक फ्लॅट म्हणत. फळबागा, भाजीचे मळे, मातीचे रस्ते. ५ मे १९३० रोजी इथवर रेल्वे आली, पण घरांची खरी गर्दी झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९६१ मध्ये मलग्रेव्ह शायरचं वेव्हर्ली शहर झालं. १९६७ मध्ये 'द ग्लेन' हे बाजारसंकुल उघडलं. १९९४ मध्ये वेव्हर्ली आणि ओकली जोडून जी नगरपालिका झाली, तिला मोनॅश हे नाव मिळालं. आपण दर वर्षी ज्यांच्या नावाच्या पालिकेकडे घरपट्टी भरतो, ते सर जॉन मोनॅश आपल्या फायरप्लेसच्या मापाशीही जोडलेले आहेत. कसे, ते ऐका.

मोनॅश बहुतेकांना पहिल्या महायुद्धातले सेनापती म्हणून माहीत असतात. मूळचे ते इंजिनिअर. युद्धानंतर व्हिक्टोरियाच्या राज्य वीज आयोगाची सूत्रं त्यांच्याकडे आली. तेव्हा राज्याची अडचण अशी होती की चांगला काळा कोळसा न्यू साउथ वेल्समधून यायचा. तिथे संप झाला की मेलबर्नच्या चुली आणि कारखाने थंड. व्हिक्टोरियाकडे स्वतःचा कोळसा अफाट होता, लॅट्रोब खोऱ्यात, पण तो तपकिरी कोळसा. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी! तसाच पोत्यात भरून पाठवायचा म्हणजे पाण्याचं भाडं भरायचं. जर्मनीत असा कोळसा वाळवून, दाबून त्याच्या वड्या पाडायचं तंत्र होतं. ते यंत्रतंत्र आणून १९२४ मध्ये यालर्न इथे ब्रिकेटचा कारखाना सुरू झाला. हातात मावणारी, काळीभोर, गुळगुळीत वडी. पुढची काही दशकं ती पोत्यांतून मेलबर्नच्या घरोघरी जात राहिली. स्वयंपाकाच्या स्टोव्हमध्ये ती, पाणी तापवायला ती, आणि दिवाणखान्याच्या फायरप्लेसमध्येही तीच.

वडी लहान, शेगडीही लहान. शिवाय युद्धानंतर विटांचा आणि लाकडाचा तुटवडा होता; लग्न झालेली जोडपी घरासाठी रांगेत होती. बांधणारा फायरप्लेस लहानच करणार. तर आईच्या प्रश्नाचं उत्तर हे: आमची चूल एका वडीच्या मापाची आहे. किंवा फार तर एका माणसाने अंगणात फोडलेल्या आखूड लाकडाच्या मापाची.

मग ते भांडं गेलं. १९६५ मध्ये बास सामुद्रधुनीत नैसर्गिक वायू सापडला. १९६९ मध्ये तो मेलबर्नला पोचायला लागला आणि १९७० संपेपर्यंत घरोघरची शेगडी-हीटर त्या वायूसाठी बदलून झाली. कितीतरी घरांत फायरप्लेसच्या खोबणीतच गॅस हीटर बसवला गेला, किंवा समोर पत्रा मारून ती बंद केली. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि काही लोक लाकडाकडे परत वळले. पण या वेळी उघड्या आगीकडे नव्हे, बंद लोखंडी पेटीकडे. आणि आता चक्र पुन्हा फिरतंय. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियात नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणी मिळत नाही. जुन्या घरांतले लोकही गॅसनंतर काय, याचा विचार करतायत. म्हणून दुकानातला तो इन्सर्ट एवढा खुणावतो.

इन्सर्ट म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपण बंब बघितलेला आहे. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे असतात आणि भोवती पाणी. आग कोंडलेली, हवा खालून मोजकी, धूर वरच्या तोंडातून, आणि उष्णता सगळी पाण्याला. इन्सर्टमध्ये पाण्याच्या जागी हवा असते, एवढाच फरक. आग पेटीत, पेटीभोवती दुसरं आवरण, मधल्या पोकळीतून खोलीची हवा फिरते आणि गरम होऊन बाहेर येते. उघडी फायरप्लेस लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहा-पंधरा टक्के भाग खोलीला देते. इथल्या मानकानुसार नव्या हीटरला किमान ६० टक्के द्यावाच लागतो, आणि एक किलो लाकडामागे धुराचे कण दीड ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

यावरून कळेल की ती भोवतीची पोकळी ही वाया गेलेली जागा नाही. पेटी खोबणीत कशीबशी कोंबून बसवली, तर हवा फिरायला वाट राहत नाही आणि उष्णता विटांत मुरते. आपल्या बहुतेक घरांत विटांचं कवच बाहेर असतं आणि आतला सांगाडा लाकडी असतो. धुराड्याला चिकटून किंवा जवळून तुळया जातात. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की ते आतून करपतं, आणि मग पूर्वीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. म्हणजे बसवल्या दिवशी सगळं ठीक वाटलेलं काम दहाव्या हिवाळ्यात आग लावू शकतं. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली अंतरं मिलिमीटरमध्ये असतात, ती याच कारणाने.

मग चार विटा फोडायच्या का? आधी कुठल्या विटा, ते बघा. पुष्कळ जुन्या फायरप्लेसमध्ये दोन थर असतात. बाहेरची मूळ चौकट मोठी असते आणि तिच्या आत, आगीसाठी, उष्णता सोसणाऱ्या फायरब्रिकचा लहान कोनाडा नंतर बसवलेला असतो. मागे भराव असतो. हा रम्फर्ड यांचाच वारसा. असं असेल तर आतला कोनाडा आणि भराव काढून मूळ जागा मोकळी करता येते. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. आतला थर काढल्यावर दोन्ही बाजूंना हातभर जागा निघाली आणि इन्सर्ट आरामात बसला.

पण बाहेरची चौकट फोडायची असेल तर गोष्ट वेगळी. तोंडाच्या वर लिंटल असतो, त्याच्यावर धुराड्याचा सगळा भार. रुंदी वाढवायची म्हणजे तो भार तात्पुरता टेकवून नवा, लांब लिंटल घालायचा. हे काम इंजिनिअरला विचारून, बांधकामाचा परवाना असलेल्या माणसाने करायचं असतं. शनिवारी दुपारी हातोडा घेऊन नव्हे. आणि त्या काळातल्या घरांत फायरप्लेसच्या आसपास ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा दोरी निघू शकते. ऑस्ट्रेलियात त्यावर संपूर्ण बंदी आली ती २००३ च्या शेवटच्या दिवशी. म्हणून फोडण्याआधी नमुना तपासून घ्या.

कुणी म्हणेल, इन्सर्ट नको, नुसतं तोंड मोठं करून उघडी आगच पेटवू. इथे गणित आड येतं. उघड्या आगीला धुराड्याचा आडवा छेद तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण आठवा ते दहावा हिस्सा तरी लागतो. आमच्या धुराड्याची आतली वाट एका विटेच्या लांबीची, म्हणजे २३० बाय २३० मिलिमीटर. ६०० बाय ६०० च्या तोंडाला ती सातवा हिस्सा पडते, म्हणजे पुरेशी. तेच तोंड ९०० बाय ७५० केलं तर ती तेरावा हिस्सा होते, आणि धूर दिवाणखान्यात. जुन्या गवंड्याने तोंड आणि धुराडं एकमेकांच्या मापाने बांधलं होतं.

बंद दाराच्या इन्सर्टला उलट अडचण येते. त्याचा धूर थोडा आणि तुलनेने थंड. तो रुंद विटांच्या धुराड्यात सोडला तर रेंगाळतो, गार होतो आणि डांबरासारखा चिकट थर धरतो. तो थर एक दिवस पेटतो. म्हणून पेटीपासून थेट छपराच्या वरपर्यंत पोलादी नळी घालावी लागते. १५० मिलिमीटरची नळी २३० च्या वाटेत जाते. वाट मध्ये वाकडी असेल तर अडकते. नळीचं टोक पेटीखालच्या ओट्यापासून किमान ४.६ मीटर उंच हवं, आणि छपराच्या कण्यापासून ३ मीटरच्या आत असेल तर कण्याच्या वर किमान ६०० मिलिमीटर. व्हिक्टोरियात हे काम परवानाधारक प्लंबरचं आहे, आणि त्याने दिलेलं प्रमाणपत्र विम्यासाठी जपून ठेवायचं. लहान खोबणीसाठी आणखी दोन मार्ग उरतात: लहान इन्सर्ट शोधणं, किंवा पुढच्या ओट्यावर सुटी उभी शेगडी ठेवून तिची नळी जुन्या धुराड्यातून वर नेणं. त्याला ओटा पुरेसा मोठा हवा.

हे सगळं वाचताना मला वर्ध्याची आठवण झाली. तिथल्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्या मंडळींनी १९४७ च्या सुमारास बिनधुराची 'मगन चूल' पुढे आणली. मातीचीच चूल, पण आग कोंडलेली आणि धुराला बाहेर जाणारं नळकांडं. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. लाखो चुली बसल्या, आणि पुष्कळ थोड्याच वर्षांत पडून राहिल्या. नळकांडी काजळीने तुंबली. कुठे घरातलं भांडं चुलीवर बसेना, कुठे सरपण तोंडात जाईना. मग बायकांनी चुलीचं तोंड फोडून मोठं केलं आणि धूर पुन्हा घरात आला. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे पण आली होती एक. मीच फोडली होती." चार विटांचा मोह काही ग्लेन वेव्हर्लीपुरता नाही.

राहिला धूर. धुराड्यातून वर गेलेला धूर संपत नाही, शेजाऱ्याकडे जातो. टास्मानियातलं लाँसेस्टन हे खोऱ्यात वसलेलं शहर. हिवाळ्यात लाकडाचा धूर तिथे साठून राहायचा. २००१ पासून तिथे लोकांना लाकडी हीटर बदलायला मदत दिली गेली. लाकडी हीटर असलेली घरं ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली, हिवाळ्यातले हवेतले कण ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या पुरुषांमधलं मृत्यूचं प्रमाणही घटलेलं दिसलं. उत्तम मानकाचा हीटर, २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं वाळलेलं लाकूड आणि पुरेशी हवा, एवढं पाळलं तर धूर पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही.

आम्ही काय केलं? आमच्या फायरप्लेसला आतला थर नव्हता. जे होतं ते तेवढंच होतं. मोठं करायचं तर लिंटल बदलायचा, आणि बदललं तरी घरात आईची छाती. आम्ही धुराड्याचं तोंड वरून बंद करून घेतलं, उबेसाठी विजेवरचा रिव्हर्स सायकल एसी लावला आणि विटा होत्या तशा ठेवल्या. ज्यांच्या घरी आतला थर निघाला, त्यांनी इन्सर्ट लावला, तेही बरोबरच. दोघांनी आधी बघितलं की आपली चूल कुठल्या मापाची आहे.

गणपतीत आम्ही मखर त्याच खोबणीत केलं. ६०० बाय ६००. मूर्ती मापाने आणली होती.

मंडळी, तुमच्या घरातल्या फायरप्लेसमध्ये पूर्वी काय जळत होतं, हे माहीत असेल किंवा राखेत एखादी जुनी ब्रिकेट सापडली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. आणि टेप लावाल तेव्हा खोलीही मोजा. सगळे रुंदी मोजूनच थांबतात. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.